‘आठ किलोओमचा द्या!’

घरी ट्यूबचा गिटार अँप बांधणारी मंडळी व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचे आणि कपॅसिटर कोणत्या रंगाचे यावर तासन्‌तास वाद घालतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा विषय निघाला की मात्र एकच विचारतात, ‘आठ किलोओमचा चालेल ना?’

या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे असे आठ किलोओम नसतातच. त्याच्याकडे असतं फक्त वेढ्यांचं गुणोत्तर. त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या ओमला गुणा, तेवढा लोड व्हॉल्व्हला दिसतो. गुणोत्तर ३१.६ असेल तर वर्ग झाला साधारण हजार. आठ ओमचा स्पीकर लावलात तर व्हॉल्व्हला आठ हजार दिसणार, चार ओमचा लावलात तर चारच हजार. पुश-पुलमधल्या दोन ६व्ही६ना आठ हजार मानवतात, ईएल३४च्या जोडीला साधारण ३४०० लागतात. तेव्हा आधी व्हॉल्व्ह आणि स्पीकर ठरवा, मग बाजारात जा.

लेबल उडालेला जुना नग हाती आला तर मोकळ्या प्रायमरीच्या दोन टोकांना ६.३ व्होल्ट एसी द्या आणि सेकंडरीवर मोजा. ०.२ व्होल्ट मिळाले तर गुणोत्तर ३१.५. मीटरने नुसते ओम मोजून हे कळत नाही, तो तारेचा रोध झाला. पुश-पुलच्या दोन अर्ध्यांचे रोध किंचित वेगळे आले तरी बिघडत नाही. बाहेरच्या थरांना तार जास्त लागते, एवढंच.

जिथे खरी फसगत होते ती गॅपमध्ये. एकच व्हॉल्व्ह असलेल्या अँपमध्ये, म्हणजे फेंडर चॅम्पसारख्या पाचेक वॉटच्या रचनेत, प्लेटचा सगळा डीसी प्रायमरीतून वाहतो. ६व्ही६ला तो पंचेचाळीसेक मिलिअँपिअर असतो. गाभा त्याने आधीच अर्धामुर्धा भरून जाऊ नये म्हणून ई पट्ट्या एका बाजूला, आय पट्ट्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागद ठेवतात; हीच गॅप. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकाला मारतो, म्हणून तिथे पट्ट्या आलटूनपालटून बसवतात. त्यामुळे पुश-पुलचा ट्रान्सफॉर्मर एका व्हॉल्व्हला जोडला की बास चिरडतो.

हाय-फायचा महागडा नग घ्यावा का? माझ्या मते नको. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, आणि गिटारचा स्पीकर पाच हजारांच्या पुढे झपाट्याने खाली येतो. वीस हर्ट्झपर्यंत सरळ जाणारं लोखंड इथे फुकट जातं. थोडा लहान गाभा जोरात वाजवल्यावर खालच्या सुरांना दबतो, आणि ते पुष्कळांना आवडतंही.

लोखंड बदललं की सर्किटही बदलतं. १९५०च्या दशकाअखेरीच्या फेंडर बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर समांतर जोडलेले, एकूण दोन ओम. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२च्या सुमारास जेटीएम४५ बांधला गेला तो याच सर्किटवरून, पण ब्रिटिश ट्रान्सफॉर्मर घेऊन. आउटपुटचा थोडा भाग मागे नेणारा, म्हणजे फीडबॅकचा, २७ किलोओमचा रेझिस्टर तोच राहिला, फक्त तो आता सोळा ओमच्या टॅपवर आला. तेवढ्याच वॉटना तिथे व्होल्टेज २.८ पट, म्हणजे फीडबॅकही वाढला. दोन्ही अँपचा बाज वेगळा असण्यामागे स्पीकर आहेतच, पण हेही आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला ट्रान्सफॉर्मर वळवून घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न येईल, ‘किती व्होल्ट, किती अँपिअर?’ तिथे रोजचं काम मेन्स ट्रान्सफॉर्मरचं. कागदावर लिहून न्या: लोड, स्पीकरचे ओम, वॉट, डीसी किती मिलिअँपिअर, सर्वांत खालची फ्रीक्वेन्सी आणि गॅप हवी की नको. प्रायमरीचे दोन भाग करून सेकंडरी मध्ये घ्यायला सांगा. गिटारला एवढं पुरे.

पहिलाच अँप असेल तर एक ६व्ही६, पाच हजार ओम, गॅपवाला, दहा वॉटचा ट्रान्सफॉर्मर, चार आणि आठ ओमचे टॅप असं घ्या. चालू करताच भोंगा वाजला तर बंद करा, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री करा आणि प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल करा. फीडबॅक उलटा लागलेला असतो. आणि स्पीकर न जोडता अँपवर गिटार कधीच वाजवू नका. प्रायमरीवर उसळणारं व्होल्टेज इन्सुलेशन फोडतं, आणि मग तो ट्रान्सफॉर्मर नव्याने वळवण्यावाचून गत्यंतर नसतं.