उतारू

‘प्रवासी’, ‘पर्यटक’ आणि ‘उतारू’ हे तीन शब्द तुम्ही उत्तरपत्रिकेत समानार्थी म्हणून लिहिता आणि आम्हीही त्याला गुण देतो. व्युत्पत्ती मात्र तिघांची निराळी. घरापासून दूर वास करतो तो प्रवासी, सभोवती हिंडतो तो पर्यटक. ‘उतारू’च्या मुळाशी ‘उतरणे’ आहे, आणि जुन्या मराठीत नदी उतरणे म्हणजे ती ओलांडून पलीकडच्या काठाला लागणे. जमिनीवरच्या प्रवासात हा भेद फारसा जाणवत नाही. पाण्यावर तो जाणवतो.

गेल्या वर्षी एका संपर्कसत्रानंतर तुमच्यासारख्याच एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला. बाई अंगणवाडीत काम करतात. समुद्रावरून एकदा प्रवास करायचा म्हणून त्यांनी काही वर्षे पैसे बाजूला ठेवले होते. चार दिवसांची रजा मिळणार होती, बरोबर गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असणार होत्या. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या क्रूझवर जावे, की तेवढ्याच पैशांत कोकणातल्या खाड्या, होड्या, तरी आणि फेरीबोटी करीत हिंडावे? असे पैसे पुन्हा लवकर साठत नाहीत. म्हणून मी तत्काळ उत्तर दिले नाही.

प्रथम मोठ्या जहाजाविषयी. २०२४ साली पहिल्या सफरीवर निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे. त्याला वीस मजले आहेत आणि कर्मचारी धरून त्यावर जवळजवळ दहा हजार माणसे मावतात. त्याचे आकारमान अडीच लाख टनांच्या जवळपास सांगतात. हा टन वजनाचा नव्हे. तो जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे माप आहे. मूळ इंग्रजी शब्द मद्याच्या मोठ्या पिंपाचा. जहाजात अशी किती पिंपे राहतील, यावरून एके काळी त्याची क्षमता मोजीत. आज पिंपांच्या जागी पोहण्याचे तलाव, नाट्यगृहे आणि भोजनगृहे आली, तरी विक्रीस असलेली वस्तू तीच राहिली: आतली जागा. किनारा हा तिथे तोंडी लावण्यापुरता.

जहाज जितके मोठे, तितकी त्याला जवळ घेणारी बंदरे कमी. कुठे पाणी उथळ, कुठे धक्का आखूड, आणि कुठे गावच नको म्हणते. व्हेनिसच्या सान मार्कोसमोरून पंचवीस हजार टनांहून मोठ्या जहाजांनी जाऊ नये, असा निर्बंध इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून घातला. अंटार्क्टिकाचा नियम याहून बोलका आहे. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही; लहान जहाजांनाही एका जागी एका वेळी शंभरांहून अधिक माणसे उतरवता येत नाहीत. म्हणजे मोठ्या जहाजातून तुम्ही हिमखंड काचेतून पाहाल, पाय मात्र लागणार नाही. तिथे पर्यटक होता येते, उतारू होता येत नाही.

आपल्या कोकणात ही निवड कधी नव्हतीच, कारण एकाच प्रवासात दोन्ही जहाजे लागत. माझे वडील १९५८ साली हर्णैहून आगबोटीने मुंबईस आले. आगबोट किनाऱ्याला लागत नसे, ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. खलाशी उतारूंना खांद्यावर घेऊन मचव्यात बसवीत. मचवा वल्हवत बोटीपाशी गेला की लाटेने तो वर उचलला जाई, नेमक्या त्या क्षणी शिडी धरायची. वडिलांच्या एका हातात तांदळाची गाठोडी होती आणि दुसरा हात कोणा अनोळखी माणसाने धरला होता. मुंबईविषयी ते पुढे पुष्कळ बोलले, पण मचव्याविषयी अधिक. (‘नांगर’ हा शब्दही इथे पाहण्याजोगा आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’चा वंशज, पाण्यातला फारसी ‘लंगर’चा. सकाळी शेतात आणि संध्याकाळी होडीवर असणाऱ्या लोकांच्या तोंडी दोघे एकच होऊन बसले. फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी, आपल्याकडे ‘नाखवा’ झाला. मोठ्या क्रूझवर यांपैकी एकही शब्द कानी पडत नाही. तिथे केबिन, डेक आणि बुफे.)

तरीही लहान नौकेचे गोडवे सरसकट गाऊ नयेत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगड जिल्ह्यात ती आठवण अजून बोलली जाते. तुफानात मोठे जहाज कमी डोलते, त्यावर डॉक्टर असतो, लिफ्ट असते. पंच्याहत्तरीच्या माझ्या आईला म्हणूनच मी क्रूझने गोव्याला नेले. तिला मचव्यात बसवणे शक्यच नव्हते. रात्री ती कठड्याशी खुर्ची घेऊन बसली होती. दूर मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसत होते. ‘दाभोळ गेले का?’ तिने विचारले. मी एका कर्मचाऱ्याला विचारले. त्याने अदबीने दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीची वेळ सांगितली. त्याचा दोष नव्हता. त्या जहाजाच्या दृष्टीने मुंबई आणि मुरगाव यांच्यामध्ये गावे नव्हती. आईने मग स्वतःच अंदाजाने जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे मोजली. ती आनंदात होती, हेही नमूद केले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीला मी अखेर लिहिले ते असे: तिकिटाआधी जहाज कुठे थांबते आणि किती तास, एवढे विचारा; डेकचे फोटो नंतर पाहा. सासूबाई येणार असतील तर क्रूझ घ्या आणि संकोच बाळगू नका. त्या येणार नसतील, तर राजपुरीला जा. तिथून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि पायऱ्यांपाशी होडी वर आली की कोणीतरी हात देतो. पुढे आगरदांड्याहून दिघी, दाभोळहून धोपावे, जयगड खाडीत तवसाळहून जयगड, अशा फेरीबोटींनी खाड्या उतरत थेट रत्नागिरीपर्यंत पोहोचता येते.

त्यांचे उत्तर आले. सासूबाईंनी होडीच म्हटले आहे. दिवाळीनंतर, समुद्र शांत झाला की दोघी निघणार आहेत.