चौकाच्या अलीकडे

पुण्याला चढ आहेत हे स्कूटरवाल्याला ठाऊक नसतं. मनगट जरासं फिरवलं की त्याचा चढ संपतो. सायकलवाल्याच्या मांड्यांना मात्र शहराचा उंचसखलपणा पाठ असतो. वनाजपासून चांदणी चौकाकडे जाताना पौड रस्ता कुठे छातीवर येतो, स्वारगेटहून कात्रजकडे निघालं की सातारा रस्ता कसा गुपचूप दम काढतो, हे नकाशात पाहून कळत नाही. मी वारज्याला राहते आणि नारायण पेठेतल्या एका ग्रंथालयात काम करते. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. रस्ता निवडायची वेळ आली तेव्हा मी आधी चढ टाळले आणि मग वाहनं. या शोधात मला कालवा सापडला.

खडकवासल्याच्या धरणातून दोन कालवे निघाले. उजवा अजून वाहतो, पर्वती-स्वारगेट-हडपसर करत दौंड-इंदापूरच्या शेतांपर्यंत जातो. डाव्या कालव्याचं शहरातलं पात्र आता कालवा म्हणून वापरात नाही. कर्वेनगर-एरंडवण्याच्या बाजूला त्याच्या काठानं लोक सकाळ-संध्याकाळ फिरायला येतात. कुठे नीट फरसबंदी, कुठे माती, कुठे राडारोड्याचा ढीग. पण सायकलवाल्याला त्या काठाची खरी किंमत कळते, कारण तो सपाट आहे. पंप न लावता पाणी आपोआप पुढे जायला हवं, म्हणून कालवा आखणाऱ्या इंजिनिअरांनी तो टेकड्यांच्या कडेकडेनं, जवळजवळ एका पातळीत नेला. किलोमीटरमागे उतार फार तर काही इंचांचा. टेकडी आडवी आली की कालवा तिला वळसा घालतो, चढत नाही. दीडशे वर्षांपूर्वी पाण्यासाठी केलेली ती आखणी आज माझ्या गुडघ्यांच्या कामी येते. शहरात सायकलीचे रस्ते कुठे करावेत असं कोणी विचारलं, तर मी म्हणेन, आधी पाण्याच्या जुन्या वाटा बघा. त्या काळच्या माणसांनी लेव्हल काढून ठेवली आहे.

कालव्यावर गाडीची भीती नाही, पण माणसं असतात, आणि माणसांमधून सायकल काढणं ही वेगळी विद्या आहे. घंटी तिथे उपयोगाची नाही. चौघं जण हातात हात घालून चालले असतील आणि मागून घंटी वाजली, तर दोघं डावीकडे उडी मारतात, दोघं उजवीकडे, आणि मग एकमेकांना हाक मारत परत मध्ये येतात. त्यापेक्षा पंधरा-वीस पावलं आधी, साध्या आवाजात, "काका, उजवीकडून जातेय हं," असं म्हटलं की लोक आहेत तिथेच राहतात. बाजू सांगायची, एवढंच. कुत्र्यांना ओलांडताना पॅडल थांबवायचं, पाय हलताना दिसले की ती चेकाळतात. आणि गर्दीच्या वेळी कालव्यावर वेग नको. घाई असेल त्या दिवशी सरळ कर्वे रस्ता धरावा. फिरायला आलेल्या आजोबांच्या पाठीशी रेस लावणारे सायकलवाले बघितले की मला मोटारवाल्यांचा राग येईनासा होतो.

कालव्याचा माझ्या लेखी दुसरा उपयोग म्हणजे तिथे रस्त्याचा सराव होतो. मान मागे वळवून बघायचं आणि तेवढ्या वेळात हँडल तसूभरही हलू द्यायचं नाही, ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. नवखा माणूस मागे बघतो तेव्हा खांदा फिरतो, खांद्याबरोबर हात आणि हाताबरोबर सायकल. तो उजवीकडे बघता बघता उजवीकडेच जातो, नेमका जिथून गाडी येत असते तिथे. हनुवटी खांद्याला टेकवायची, कोपर सैल सोडायचं, नजर क्षणभर मागे टाकून परत पुढे आणायची. हे रिकाम्या काठावर रोज करत राहिलं की नळस्टॉपच्या चौकात मुद्दाम करावं लागत नाही. एका हातानं चालवणं, उभं राहू पाहणाऱ्या सायकलीला पाय न टेकता मुंगीच्या गतीनं पुढे ढकलणं, पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघणं, सगळं तिथेच शिकायचं. चौक ही शिकण्याची जागा नाही.

कालव्याचा काठ सोडून मोठ्या रस्त्याला लागलं की मी दुसऱ्या अंगानं सायकल चालवते. बोटं ब्रेकवर, पाठ जरा पुढे, कान मागे. पहिला प्रश्न असतो रस्त्यावर नेमकं कुठे असायचं. घरचे सगळे सांगतात, "अगदी कडेनं जात जा." हा सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा आहे. कडेला वाळू असते, काचा असतात, आणि डांबराचे थरावर थर चढल्यामुळे वीतभर खोल गेलेली चेंबरची झाकणं असतात. उभ्या मोटारी असतात आणि त्यांची दारं विचारून उघडत नाहीत. शिवाय आपण कडेला चिकटलो की मागच्याला वाटतं, बसेल की गाडी शेजारून, आणि तो बसवायला बघतो. म्हणून कडेपासून हातभर आत, आणि मोटारी उभ्या असतील तर त्यांच्यापासून एका दाराच्या अंतरानं. तिथे आपण मागच्याला स्पष्ट दिसतो, आणि जायचं तर त्याला गाडी बाहेर काढावी लागते. तो हॉर्न वाजवतो. वाजवू दे. हॉर्न वाजला याचा अर्थ त्यानं मला पाहिलं. मला धास्ती असते ती न वाजवणाऱ्याची.

पुढे उभ्या असलेल्या गाड्या वाचाव्या लागतात. चालकाच्या जागी डोकं दिसतंय का, ब्रेकचा लाल दिवा आत्ताच विझला का, पुढचं चाक बाहेर वळलंय का. रिक्षावाला डावीकडे झुकून फुटपाथवरची माणसं न्याहाळत असेल, तर तो कुठल्याही क्षणी आडवा येणार. पीएमपीएमएलची बस थांब्यावर शिरत असेल तर तिच्या डाव्या बाजूला जायचंच नाही. माणसं पूर्ण थांबायच्या आत उतरतात, आणि बसच्या त्या कोपऱ्यात काय आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही. मागे थांबावं, फार तर मिनिटभर जातं. डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर यांच्या बाबतीत मी सिग्नललाही शेजारी उभी राहत नाही. डावीकडे वळताना त्यांचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आत कापत येतं. हे माहीत असलेला माणूस त्या आतल्या जागेत कधीच जाऊन उभा राहणार नाही. माहीत नसलेल्याला मात्र तीच जागा मोकळी दिसते.

आणि फटी. काँक्रीटचा रस्ता जिथे संपतो आणि पेव्हर ब्लॉक सुरू होतात, त्या सांध्यात बोटभर रुंदीची, रस्त्याला समांतर धावणारी फट असते. मोटारीच्या टायरला ती कळतही नाही. सायकलीचं चाक मात्र तिच्यात अलगद उतरतं, मग हँडल वळत नाही आणि माणूस वळतो. ही फट ओलांडायची तर तिरपं, जमेल तितकं काटकोनाच्या जवळ जाऊन, आणि त्या क्षणी ब्रेक न लावता. पावसात हेच नियम लोखंडी पत्र्यांना, चेंबरच्या झाकणांना आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांना. पावसाळ्यातला पहिला पाऊस सगळ्यात वाईट, उन्हाळाभर रस्त्यात मुरलेलं तेल तो वर आणतो. रिमला धरणारे साधे ब्रेक ओले असले की दाबल्यावर चाकाचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो. म्हणून पावसात चौक दिसला की मी लांबूनच ब्रेक हलके टेकवून ठेवते, थांबायच्या वेळेपर्यंत रिम कोरडी झालेली असते.

म्हात्रे पुलाच्या पुढे नदीपात्रातला रस्ता लागतो, गरवारे कॉलेजच्या मागून भिडे पुलाकडे जाणारा. तिथे पुन्हा सपाटी, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पात्रातला रस्ता बंद आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली. त्या दिवसांत लकडी पुलावरून फिरून जायचं. पाणी ओसरल्यावर दोन-चार दिवस गाळ असतो, तो सुकून त्याची धूळ होईपर्यंत घाई करू नये.

सायकलीबद्दल एकच सांगते. दुकानात हायब्रीड सायकल घ्यायला गेले तेव्हा तिला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, स्टँड नव्हता, चेनवर कव्हर नव्हतं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, त्यानं वजन वाढतं." वाढू दे. मी कामाला जाते, माझी ओढणी चेनमध्ये जायला नको आणि पाठीवर चिखलाची रेघ घेऊन वाचकांसमोर बसायचं नाही. जुन्या काळ्या सायकलीला हे सगळं कारखान्यातूनच लागून येई, कारण ती कामाला जाणाऱ्या माणसांसाठी केलेली होती. अशा सायकली बनवणाऱ्या ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, तो नेमका जागतिक सायकल दिन होता. तशा सायकली आता दुकानात दिसतात त्यापेक्षा वॉचमनच्या केबिनबाहेर जास्त दिसतात.

हे वॉचमन, गवंडी, माळी, पेपर टाकणारी मुलं, यांच्याकडून मी जितकं शिकले तितकं कुठल्या पुस्तकातून नाही. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणारे चमकदार कपड्यांतले सायकलपटू शहराला दिसतात, रोज रात्रपाळी करून घरी जाणारा माणूस दिसत नाही. नळस्टॉपला असे एक काका भेटायचे. कॅरिअरला डबा बांधलेला, सीट खाली उतरवलेली, चाल संथ. उजवीकडे वळायची वेळ आली की ते रस्त्याच्या मध्ये यायचेच नाहीत. डावीकडेच उतरायचे, सायकल हातात धरायचे आणि पायी चालणाऱ्यांबरोबर दोन टप्प्यांत चौक ओलांडायचे. एकदा मी म्हटलं, "काका, सायकल असून चालताय?" ते म्हणाले, "चाकं आहेत म्हणून पाय गेले का ताई?" त्या दिवसापासून मोठ्या चौकात मीही उतरते. वेळ जातो तो दोन-तीन मिनिटांचा. शहरात सायकल चालवण्यातली सगळ्यात उपयोगी युक्ती कुठली असं विचाराल तर हीच, कुठे चालवायची नाही हे ठरवणं.

पण ही युक्ती सायकलवाल्याला शोधावी लागते, याचा अर्थ शहरानं त्याच्यासाठी चौकात काही केलेलं नाही. पुणे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा, हे जुनी माणसं अजून सांगतात. मग शेजारी आकुर्डीला स्कूटर बनू लागल्या, पगार वाढले, घरं लांब गेली. त्याबद्दल मी उसासे टाकत नाही. ज्याला सायकल परवडत होती त्याला स्कूटर हवी होती, आणि ती मिळाली. माझा आक्षेप त्यानंतर जे झालं त्याला आहे. 2006 मध्ये स्वारगेट-कात्रज बीआरटी, म्हणजे बससाठीचा वेगळा मार्ग, आली, पुढे शहरात सायकल ट्रॅकचे पट्टे आखले गेले. 2017 मध्ये महापालिकेनं 800 किलोमीटरहून अधिक सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या.

ट्रॅकवर गाड्या लावतात, भेळेची गाडी लागते, मध्येच विजेची डीपी उभी असते, या तक्रारी सगळे करतात आणि त्या खऱ्याच आहेत. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी चूक आखणीतच आहे. ट्रॅक सरळ रस्त्यावर ऐटीत चालतो आणि चौक आला की तीस-चाळीस पावलं आधी संपतो. फुटपाथचा उतार, दोन खांब, आणि पुढे काही नाही. सरळ रस्त्यावर मला त्याची फारशी गरज नव्हती. तिथे सगळे एकाच दिशेनं चाललेले असतात आणि हातभर अंतर राखून मी माझं निभावते. सरळ जाणारी मी आणि डावीकडे वळणारा डंपर यांची गाठ चौकात पडते. उजवीकडे वळायला मधोमध उभं राहावं लागतं ते चौकात. सिग्नलचे शेवटचे पाच सेकंद उरले की सुटणाऱ्या मोटरसायकलींचा घोळका येतो तोही चौकातच. नेमक्या त्या जागी रस्त्यावरचा रंग संपलेला असतो. खर्च ट्रॅकच्या किलोमीटरमध्ये मोजला की असं होतं, कारण चौकाची लांबी किलोमीटरमध्ये भरत नाही.

म्हणून महापालिकेच्या रस्ते विभागाला सांगणं एवढंच आहे, की यंदा नवा ट्रॅक एक मीटरही आखू नका. आहेत त्यांतले पाच निवडा आणि ते चौकाच्या पलीकडे पोचवा. झेब्रा क्रॉसिंगच्या शेजारी सायकलीचा पट्टा, थांबारेषेच्या पुढे सायकलींना उभं राहायला जागा आणि वाहनांच्या तीन-चार सेकंद आधी हिरवा होणारा दिवा, एवढं पुरेल. आखायला कोणाला यायचं असेल तर सकाळी सव्वानऊला नळस्टॉपला या, आणि मोटारीतून नको, सायकलवर या.