कोल्हा, खोकड आणि कायोटी

लेकीकडे अ‍ॅरिझोनात गेले होते तेव्हाची गोष्ट. पहाटे चहाचा कप घेऊन मागच्या दारी उभी होते, तर कुंपणापलीकडून एक जनावर दुडक्या चालीनं निघालेलं. करडं-पिवळसर अंग, टोकदार कान, खाली सोडलेली झुपकेदार शेपूट. मी नातीला हाक मारली, "अगं, कोल्हा बघ कोल्हा!" ती डोळे चोळत आली नि म्हणाली, "आजी, तो कायोटी आहे." मला आधी 'काय ओटी?' असंच ऐकू आलं! मग तिनं विचारलं, "याला मराठीत काय म्हणतात?"

सारा जन्म मराठी शिकवण्यात गेला, पण उत्तर काही येईना. कोल्हा म्हणावं तर थोराड, लांडगा म्हणावं तर किरकोळ. त्या दिवसापासून या कुत्र्याच्या गोतावळ्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

गंमत म्हणजे गोऱ्या लोकांचीही माझ्यासारखीच पंचाईत झाली होती. 1804 मध्ये लुईस आणि क्लार्क हे प्रवासी मिसुरी नदीनं वर गेले, तेव्हा त्यांनी याला 'गवताळ रानातला लांडगा' म्हटलं. शास्त्रीय नाव दिलं थॉमस से यांनी, 1823 मध्ये. 'कॅनिस लॅट्रान्स', म्हणजे भुंकणारा कुत्रा. कॅनिस ही प्रजाती. त्यात लांडगा आहे, आपला कोल्हा आहे आणि दारातला मोत्याही आहे. दिसायला कायोटी कोल्ह्यासारखा, पण नात्यानं लांडग्याला जास्त जवळचा. म्हणजे मी चुकलेच होते!

पण चुकणारी मी एकटी नव्हे. आफ्रिकेतला ठिपक्यांचा रानकुत्रा 1820 मध्ये टेमिंक या मोठ्या शास्त्रज्ञानं चक्क तरस म्हणून नोंदवला. तरस तर कुत्र्याच्या कुळातलं नव्हेच, त्याचं नातं मांजराच्या बाजूला. आपल्या सह्याद्रीतला कोळसुंद घ्या. कर्नल साइक्स यांनी 1831 मध्ये त्याला दख्खनवरून नाव दिलं, 'कॅनिस दखुनेन्सिस'. पुढे लक्षात आलं की याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोनच दाढा आहेत, इतरांना असतात तीन. मग त्याला कॅनिसमधून काढून 'क्युऑन' या वेगळ्या प्रजातीत बसवलं. आणि हे अजून संपलेलं नाही. आफ्रिकेतल्या ज्या प्राण्याला इतकी वर्षं आपल्याच जातीचा कोल्हा समजत होते, तो वेगळी जात आहे आणि लांडग्याला जवळचा आहे, हे 2015 मध्ये जनुकांवरून कळलं.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? तर अमेरिकेतल्या तांबड्या लांडग्याची कथा ऐका. 1980 मध्ये तो रानातून नाहीसा झाला असं जाहीर झालं. पिंजऱ्यात वाढवलेले काही 1987 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पुन्हा सोडले. पण वाद निघाला, ही खरी जात की लांडगा-कायोटी यांचा संकर? संकर ठरला असता तर त्याचं कायद्यातलं संरक्षणच डळमळलं असतं. 2019 मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीच्या समितीनं निर्वाळा दिला की ती स्वतंत्र जात मानावी. एका नावावर बिचाऱ्यांचा जीव टांगलेला!

हे वाचताना मला माझ्या शाळेतला एक मुलगा सारखा आठवत राहिला. मेंढपाळाचा पोर. सहावीत होता. मराठीबरोबर इंग्रजीचे तासही माझ्याकडेच असायचे. शब्दार्थाच्या प्रश्नात त्यानं फॉक्स म्हणजे 'खोकड' असं लिहिलं. मी लाल रेघ मारून वर 'कोल्हा' लिहिलं. तो उठून म्हणाला, "बाई, कोल्हा निराळा. खोकड बारकं असतंय." मी म्हटलं, "पुस्तकात आहे तेच लिहायचं." तो गप्प बसला. पुन्हा वर्गात फारसं काही विचारलं नाही त्यानं.

आज कळतं, कोल्हा कॅनिसमधला आणि खोकड 'व्हल्पीस'मधलं. म्हणजे त्या पोरानं नुसती जात नव्हे, प्रजाती बरोबर ओळखली होती! रात्री मेंढरं राखताना डोळ्यांनी पाहिलेलं होतं त्यानं. मी दोन्ही जनावरं तोवर फक्त चित्रात पाहिली होती, आणि लाल पेन मात्र माझ्या हातात होतं. शास्त्रज्ञांनी दोनशे वर्षांपूर्वीची नावं खोडून पुन्हा लिहिली, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मला एक अर्धा गुण परत देता आला नाही. तो आता कुठे असतो, ठाऊक नाही.

असो. नातीला फोनवर सांगितलं, "त्याला मराठीतही कायोटीच म्हणायचं गं." आणि खोकडाची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "मग तू त्याला सॉरी म्हटलंस का?"

अजून नाही म्हटलेलं. म्हणून इथे लिहिते आहे.