आधी न्याहारी



गेल्या नाताळच्या तयारीत आमच्या गायनमंडळात एक गाठ बसली. मराठी गीतं किती घ्यायची आणि कन्नड किती? बेळगाव-निपाणीकडच्या आम्हा लोकांना हा प्रश्न नवा नाही. पण त्या यादीवरून मंडळातल्या मावशी आणि कन्नड बोलणारे दादा यांचं बोलणंच बंद झालं. बाकीचे आम्ही गप्प राहिलो. आपण शांतता राखतोय, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो.

चार महिन्यांनी त्याच मंडळाची सहल उडुपीला गेली. शनिवारी संध्याकाळी आम्ही जवळच्या कापूच्या दीपगृहावर चढलो. १९०१ साली समुद्रकाठच्या खडकावर बांधलेलं हे दीपगृह सुमारे २७ मीटर उंच आहे. खाली होड्या दिसत होत्या. "दिवा कुठं विचारतो, होडी कुणाची म्हणून?" आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी आणि दादा मात्र दोन टोकांना उभे होते.

रविवारी उडुपीत कोकणी मिस्सा ऐकली. पुस्तकातली लिपी कन्नड, पण शब्द कितीतरी आपल्या ओळखीचे! मग हॉटेलात न्याहारीला बसलो. केळं घालून तळलेले बन्स, गोळीबजे, मसाला डोसा, फिल्टर कॉफी. गर्दी होती, वेटर भराभर कन्नडमध्ये विचारत होता. दादांनी सगळ्यांचं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "त्यातली एक कॉफी बिनसाखरेची." मावशींना मधुमेह आहे, हे ते विसरले नव्हते. मावशी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी गोळीबज्यांची बशी पुढं सरकवली. "गरम आहेत तोवर खा."

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय तेव्हा आठवला. रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तर तिथे कोळशांचा विस्तव, त्यावर मासे, आणि भाकर. पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं, तेव्हाही तो अशाच कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. त्याच्याशी बोलायचं होतंच. पण प्रभू तीन प्रश्न विचारतो ते न्याहारी झाल्यावर. आधी तो वाढतो.

आम्ही चार महिने उलटं धरून बसलो होतो: आधी हिशेब मिटू दे, मग पंगत.

यंदाची यादी अजून ठरलेली नाही. ती ठरवायला दोघं एकत्र बसणार आहेत, आणि या वेळी आम्हीही गप्प राहणार नाही. चहा आमच्याकडे, मावशींचा बिनसाखरेचा.

प्रभो, ज्यांच्याशी आमचं बोलणं थांबलं आहे, त्यांना आधी वाढायला आम्हाला शिकव. आमेन.