डायव्हर्जन आणि वळण



शिरूर अनंतपाळहून लातूरला जा की उदगीरला, रस्त्याचं काम निघालं की बाणाची पाटी लागतेच, 'डायव्हर्जन'. आज या शब्दाविषयी थोडंसं.

शब्द मूळचा लॅटिन. 'दी' म्हणजे बाजूला आणि 'वेर्तेरे' म्हणजे वळणे. हे 'वेर्तेरे' आणि संस्कृतातला 'वृत्' धातू एकाच कुळातले. म्हणजे आपले वर्तन, प्रवृत्ती, निवृत्ती हे शब्द त्याचे दूरचे नातेवाईकच! इंग्रजीतला 'डायव्होर्स' तर त्याचा सख्खा भाऊ.

इंग्रजीत डायव्हर्जन म्हणजे वळसा, लक्ष विचलित होणं आणि करमणूकसुद्धा. करमणूक वाईटच असते असं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नावच 'करमणूक' ठेवलं. पण त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापून बायकांच्या हालांकडे लोकांचं लक्ष वळवलं.

आम्हा कॉमर्सवाल्यांना मात्र हा शब्द ऐकला की धडकी भरते. ज्या कामासाठी कर्ज घेतलं ते सोडून पैसा दुसरीकडे लावला, की बँक त्याला 'फंड डायव्हर्जन' म्हणते. आपल्याकडे बी-बियाण्यासाठी घेतलेलं पीककर्ज लग्नाच्या मांडवात खर्च होतं. मांडव दोन दिवसांचा, व्याज मात्र वर्षानुवर्षं. वळसा घेतला, पण मूळ रस्त्याला परत लागलोच नाही, खरी अडचण तिथे आहे.

मनाचंही तेच. सामायिक ४८ मिनिटांचं. त्याचे ३२ दोष सांगितलेत, त्यातले १० एकट्या मनाचे! आसनावर बसलं की गॅसवरचं दूध आठवतं, सुनेचा शब्द आठवतो. पापक्रियांपासून निवृत्ती म्हणून बसायचं आणि मनाची प्रवृत्ती चालूच. दोन्ही शब्द त्याच 'वृत्' मधले, फक्त दिशा वेगळी.

आपली मराठी किती शहाणी बघा. रस्त्याचं ते वळण आणि मुलांना लावतो तेही वळणच. नदीचं पाणी शेताकडे नेणारा तो वळण बंधारा. म्हणजे वळणं चुकीचं नाही, कुठे वळतोय ते कळायला हवं.

रस्त्यावर पाटी तरी असते, मनाला ती नसते. म्हणून पैसा असो, वेळ असो की ध्यान, घरात रोज एकदा विचारावं: निघालो कशासाठी होतो?