पंच नसलेला खेळ

गोल्फ हा साहेबाचा खेळ, आणि साहेब गेल्यानंतर बड्या लोकांचा, एवढेच त्याविषयीचे माझे ज्ञान होते. येरवड्याच्या गोल्फ मैदानाची हिरवळ कुंपणाबाहेरून पाहायची आणि बस पुढे गेली की विसरायची, इतकाच आमचा संबंध. हा खेळ आमच्या घरात शिरला तो 2021च्या ऑगस्टात. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची 23 वर्षांची अदिती अशोक अवघ्या एका फटक्याने पदकाला मुकली आणि चौथी आली. काठ्यांची पिशवी सांभाळायला तिची आईच बरोबर होती. ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींना इतकी भावली की, त्या दिवसापासून चिरंजीवांच्या क्रिकेटच्या पिशवीकडे त्या निराळ्याच नजरेने पाहू लागल्या.

2025च्या जूनमध्ये आम्ही तिघे स्कॉटलंडला भाच्याकडे गेलो. तो डंडीला शिकतो. एका रविवारी सकाळी म्हणाला, ‘‘मामा, चला, तुम्हाला गोल्फची काशी दाखवतो.’’ टे नदीवरचा लांबलचक पूल ओलांडून बस निघाली आणि तासाभराच्या आत आम्ही सेंट अँड्र्यूजला उतरलो.

काशी म्हटल्यावर उंच भिंती, फाटक आणि पहारेकरी यांची मी तयारी ठेवली होती. पाहतो तो ‘ओल्ड कोर्स’ गावाला अगदी चिकटून! एका अंगाला दगडी घरे, पलीकडे समुद्र आणि मध्ये उंचसखल गवताळ जमीन. तीही सार्वजनिक मालकीची. रविवारी इथे सहसा खेळत नाहीत. गाव फिरायला येते. आजोबा कुत्र्यांना घेऊन आणि आया बाबागाड्या ढकलीत चालल्या होत्या. खेळणाऱ्यांना विसावा नको असला तरी मैदानाला हवा, असे इथले जुने राखणदार टॉम मॉरिस म्हणत, अशी आख्यायिका भाच्याने सांगितली.

खेळ समजायला सोपा. काठीने चेंडू मारीत न्यायचा आणि सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यात टाकायचा. गोट्या खेळलेल्या माणसाला गल काय ती सांगायला नको. अशा 18 गली. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. पण चिरंजीवांची एक शंका फिटेना.

‘‘दादा, पंच कुठे उभा राहतो?’’

भाचा हसला. मोठ्या स्पर्धांत नियम सांगायला अधिकारी असतात. पण प्रत्येक फटक्यामागे पंच उभा नसतो. आपली चूक आपणच सांगायची असते.

मग अकराव्या गलीपाशी त्याने बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. 1921 साली हा 19 वर्षांचा अमेरिकन मुलगा इथे आला, वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि चिडून स्पर्धाच सोडून गेला. चार वर्षांनी अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत गवतातला त्याचा चेंडू फटक्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. जोन्सने आपल्या नावावर दंडाचा एक फटका लिहून घेतला. शेवटी बरोबरी झाली, फेरसामना झाला आणि तो एका फटक्याने हरला. 1927 साली तो इथे परत आला आणि ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकला. 1958 साली या गावाने त्याला आपले मानाचे नागरिकत्व दिले.

‘‘तो हौशी होता,’’ मी म्हणालो. ‘‘पोट त्यावर नव्हते.’’

भाच्याजवळ त्यालाही उत्तर होते. 2010 साली ब्रायन डेव्हिस हा इंग्रज व्यावसायिक अमेरिकेत अंतिम फेरसामन्यात खेळत होता. काठी मागे नेताना ती एका सुक्या बोरूला पुसटशी लागली. त्याने स्वतःच अधिकाऱ्याला बोलावले. दोन फटक्यांचा दंड बसला आणि सामना गेला. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात सुमारे चार लाख डॉलरांचे अंतर होते!

चिरंजीव गप्प झाले. का, ते मला ठाऊक होते. जानेवारीतल्या शाळेच्या सामन्यात चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हाती गेला होता. पंचाने बोट वर केले नाही. हा जागचा हलला नाही. त्यानंतरच्या त्याच्या धावांवर शाळा जिंकली. रात्री त्याने मला खरे सांगितले, तेव्हा मी म्हणालो होतो, ‘‘निर्णय पंचाचा. आपण कशाला बोलायचे?’’ आणि दुसऱ्या दिवशी पेढे आणले होते.

वारा सुटला. 2010 साली याच मैदानावर 21 वर्षांच्या रोरी मॅकिलरॉयने पहिल्या दिवशी 63 फटक्यांत फेरी संपवली. दुसऱ्या दिवशी असाच वारा उठला आणि त्याला 80 लागले. पुढल्या वर्षी मास्टर्स स्पर्धेत आघाडीवर असताना अखेरच्या दिवशी पुन्हा 80. ती स्पर्धा जिंकायला त्याला 2025चा एप्रिल उजाडावा लागला. न्यूझीलंडची लिडिया को 2015 साली 17व्या वर्षी जगात पहिली झाली. मग 2016 नंतर आठ वर्षे एकही प्रमुख स्पर्धा तिच्या हाती लागली नाही. 2024 साली लागली ती इथेच. कोवळ्या वयात जिंकलेल्या या मुलांना हरणेही शिकावे लागले.

परतताना पडक्या कॅथीड्रलच्या आवारात गेलो. तिथे मॉरिस बापलेकांच्या कबरी आहेत. 1867 साली बाप खुली स्पर्धा जिंकला. पुढच्याच वर्षी 17 वर्षांचा धाकटा टॉम जिंकला. 1869 साली मुलगा पहिला, बाप दुसरा. 1875 साली मुलाची बायको बाळंतपणात गेली आणि त्याच नाताळच्या दिवशी तो 24व्या वर्षी वारला. बाप 1908पर्यंत जगला. मुलाकडून हरण्यात बापाला सुख असते, असे आपले सुभाषितकार सांगतात. त्या सुखाची आठवण या म्हाताऱ्याने किती वर्षे जपली असेल!

‘‘बाबा,’’ चिरंजीव हळूच म्हणाले, ‘‘तुम्ही तेव्हा पेढे आणायला नको होते.’’

वर्गात तासभर बोलणाऱ्या माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘‘नको होते,’’ एवढेच म्हणालो.

पुण्याला परतल्यावर तो त्या यष्टिरक्षकाच्या घरी जाऊन आला. ‘‘काय म्हणाला?’’ मी विचारले.

‘‘म्हणाला, मला तेव्हाच आवाज आला होता. तू कधी सांगतोस, तेवढेच पाहत होतो.’’

सुभाषितकारांचे म्हणणे मला त्या दिवशी पटले. पेढे आणावेत असे फार वाटले. पण या खेपेस आणले नाहीत.