मैदान कुणाचं, हे आधी विचारा

फायनल हरल्यापासून एक वाक्य तीन वेळा ऐकलं. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत आणि आपल्याच एका शिकलेल्या पाहुण्याच्या तोंडून. "खेळात जात नसते. जो चांगला खेळतो तो जिंकतो." या वाक्याला उत्तर द्यायला हवं, कारण आता आपली पोरंही ते खरं मानायला लागली आहेत.

आधी काय झालं ते सांगतो. भीमनगरच्या टीमने यंदा पहिल्यांदाच गावच्या चषकाची फायनल गाठली. टेनिस बॉल, आठ षटकं. प्रवेश फी २१०० रुपये. ती वस्तीने दहा-वीस रुपये करून जमवली. समोरच्या टीमने ७८ धावा केल्या, आपली पोरं ७१ वर थांबली. शेवटचा चेंडू पडला आणि बांधावर बसलेल्या आयाबाया काही न बोलता पदर झटकून उठल्या.

रात्री विहारासमोर पोरं बसली होती. "अंपायर त्यांचाच होता, दादा," एक जण म्हणाला. अंपायरने एक वाइड दिला नाही, हे खरं. पण एका वाइडने सात धावा भरून निघत नाहीत. हारीचं कारण दुसरीकडे आहे.

आपली पोरं वावरात खेळून तयार झाली. तेही सोयाबीन निघाल्यापासून मालक नांगर घालेपर्यंत. भुसभुशीत मातीत टेनिस बॉल उसळत नाही. म्हणून पोरं पुढे वाकून, चेंडू गुडघ्याखालीच येणार असं धरून मारतात. फायनल होती मॅटवर. तिथे तोच चेंडू छातीपर्यंत येतो. आपले पहिले चार गडी गेले, त्यातले तीन बॅटच्या वरच्या कडेला लागून झेलबाद. समोरची टीम त्याच मॅटवर रोज संध्याकाळी सराव करते. मॅट ज्या खोलीत ठेवतात तिची किल्ली एका मंडळाकडे असते आणि त्या मंडळात भीमनगरचा एकही माणूस नाही. मैदान मात्र ग्रामपंचायतीचं आहे. म्हणजे ते जितकं त्यांचं, तितकंच आपलं.

आणखी एक गोष्ट. आपला सगळ्यात वेगवान गोलंदाज त्या दिवशी उसाच्या फडात कोयता चालवत होता. उचल घेतलेला माणूस मॅचसाठी टोळी सोडून येऊ शकत नाही. खेळात जात नसेलही, पण मैदानापर्यंत कोण पोहोचतो आणि किती तयारीने पोहोचतो, हे जात ठरवते.

दिवसभर माइकवरून पुकारा चालू होता, "गावची टीम विरुद्ध भीमनगरची टीम". भीमनगर गावात नाही का? आपली घरपट्टी गावात, मतं गावात, टीम तेवढी गावाबाहेर!

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला. आपल्या दोघा पोरांना निरोप आला, "पुढच्या वर्षी आमच्याकडून खेळा. बूट देतो, जर्सी देतो." उरलेली पोरं म्हणाली, मग टीमच मोडून टाकू.

मित्रांनो, इथे बाळू पालवणकर आठवा. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात ते खेळपट्टी सांभाळायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. चांभार समाजातल्या या गोलंदाजाची गरज पडली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतलं. पण चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही भावांनी एकदा संघातून बाहेर पडून निषेध केल्यानंतर. पुढे १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब निवडून आले. यात बाळूंना कमी लेखायचं नाही. त्यांच्या काळात त्यांच्यापुढे दुसरी टीमच नव्हती. आपल्यापुढे ती आहे, वर्गणी काढून उभी केलेली.

म्हणून त्या दोघांना मी जाऊ नका म्हणणार नाही. ज्याला जायचं त्याने जावं, मनात अपराध न ठेवता. पण दोघांना बूट मिळाल्याने उरलेल्या नऊ जणांना मैदान मिळत नाही. एकेकट्याला बोलावणं येतं, वस्तीला येत नाही. वस्तीला हक्कच मागावा लागतो.

तेव्हा टीम मोडायची नाही. १ मेच्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्यायचा. मागण्या तीन: मॅटच्या खोलीची किल्ली ग्रामपंचायत कार्यालयात राहील, मैदानाचं वेळापत्रक फळ्यावर लागेल आणि त्यात आपल्या मुलींच्या खेळालाही वेळ असेल. अर्जाची पोच घ्या. ठराव झाला तर त्याची नक्कल घ्या, नाही झाला तर का नाही हे लेखी मागा. अर्जावर सह्या फक्त अकरा खेळाडूंच्या नकोत. ज्या आयाबाया बांधावर बसल्या होत्या, त्यांच्याही हव्यात.

पुढच्या वर्षी आपण पुन्हा हरू शकतो. समोरच्यांकडेही चांगले खेळाडू आहेत, हे मान्य करायला लाज कसली? पण वर्षभर त्याच मॅटवर खेळून हरलो, तर ती हार खेळातली असेल. यंदाची तशी नव्हती.

जय भीम.